वहिनी जुने

रविवारी सकाळी वृषालीनं कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर नुसतं तळं आलं. तळ्याचं ते चित्र तिनंच कधीतरी लावलेलं होतं, पण असं सलग ते तिला कधी दिसलंच नव्हतं. त्याच्यावर तिच्या फोल्डरांची दाटी असायची, सातवीच्या प्रश्नपत्रिका, मुलीचे लहानपणचे फोटो, शाळेच्या गॅदरिंगची नाटकं, बाबा. आता काठाला बांधलेली एक नाव दिसत होती. या तळ्यात नाव आहे हे तिला आजच कळलं. बाकीचं मागून येईल असं वाटून ती हात मांडीवर ठेवून, परक्या घरी बसावं तशी, वाट पाहत बसली. डावीकडे ‘ऑफिस’, त्याखाली ‘ऑफिस नवीन’, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एक लाल चौकोन, जो शुक्रवारपर्यंत नव्हता. मागून काही आलं नाही.

चेतन, तिचा धाकटा दीर, त्याच मधल्या खोलीत पलंगावर बसून पोहे खात होता. दोघा भावांचं पांढुर्ण्याच्या बाजारात खत-बियाण्याचं दुकान आहे आणि दुकानाचा हिशेब त्याच्याकडे असतो. तिनं विचारलं तेव्हा त्यानं ताटातून मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर घर झाडून ठेवलेल्या माणसाचं समाधान होतं.

“वहिनी, थे सी ड्राइव्ह फुल झाली होती न. लाल पट्टी दाखवून राहिली होती. नवीन सॉफ्टवेअर बसतच नव्हतं. मंग तुमचं पर्सनल सारं डी मध्ये टाकून देलं काल. सेफ आहे, टेन्शन नोका घेऊ.”

डी मध्ये एकच फोल्डर होता आणि त्याचं नाव होतं ‘वहिनी जुने’. ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. जुने काय? जुने कपडे म्हणतात, जुने पेपर म्हणतात. आत सगळं एकमेकांत कालवलेलं होतं, प्रश्नपत्रिकांच्या मधे मुलीचा दात पडल्याचा फोटो, आणि अगदी तळाशी ‘बाबा’. तो उघडला तर त्यात तीन फायली. ‘बाबा १’. ‘टेस्ट’. ‘खोकला’. तिनं खाली सरकवून पाहिलं, फोल्डर बंद करून परत उघडला, आणि मग खुर्चीची पाठ धरून ती त्याच्याकडे वळली.

बाबांच्या फायलींना तिला आखूड नावं देताच आली नव्हती. ‘बाबा हर्रास बोलून दाखवतात आणि आई आतून ओरडते की शेजारी काय म्हणतील.’ ‘बाबा सांगतात की मृगाचा बहर घ्यायचा तर झाडाला उपाशी कसं ठेवायचं, मधेच हसतात.’ ‘बाबा माझं नाव घेतात, पूर्ण, शाळेत टाकताना घेतलं तसं.’ नाव वाचलं की आवाज ऐकायच्या आधीच कानात सुरू व्हायचा, म्हणून ती अशी लांब नावं देत गेली होती; आखूड नावांच्या त्या तीन फायलींत मोबाईल तपासतानाची खरखर आणि एक खोकला, एवढंच होतं. यशवंतराव, तिचे वडील, सौंसरच्या फळबाजारात एका अडत्याकडे संत्र्याची हर्रास बोलायचे, लिलाव पुकारायचे. बोली लावणाऱ्यांच्या गर्दीत टोपल्यांच्या मधे उभे राहून ते “एक वार” म्हणायचे, आणि “दोन”मधला ओ एवढा ताणायचे की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला माल कोणत्या भावाला अडला ते समजायचं. मग खर्ऱ्यातल्या तंबाखूनं गळा धरला, कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, आणि ऑपरेशनच्या आधीचे ते आठवडे वृषालीनं मोबाईल बाबांच्या समोर धरून काढले. बोला बाबा, काहीही बोला. ते बोलले. नंतर मोबाईल भरला तेव्हा तिनंच ते सारं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि मोबाईलमधून काढून टाकलं. कॉम्प्युटर घरचा होता. घरात असलेली वस्तू सुरक्षित असते असं ती त्या वेळी धरून चालली होती.

“याच्यातलं बाकीचं कुठं गेलं, भाऊजी?”

चेतन उठून आला, वाकून पाहू लागला. “हं, हे. थे कॉपी होताना विचारून राहिला होता, नाव लय मोठं आहे, नाव लय मोठं आहे. म्या स्किप केलं. मंग सी मध्ये जे राहिलं थे डिलीट मारलं. जागाच कराची होती न, वहिनी.”

“आणि रिसायकल बिन?”

“थे तं खाली कराच लागते. नाही तं जागा कशी होईन?”

तो खोटं बोलत नव्हता, लपवत नव्हता, आणि याचाच तिला जास्त संताप आला. चोरी केली असती तर चोर म्हणता आलं असतं. त्यानं फक्त नीट विचार केला होता: काय कामाचं आहे आणि काय वहिनींचं आहे. हा कॉम्प्युटर लॉकडाऊनमध्ये तिनं घेतला होता, शाळेचे वर्ग घरून घ्यायचे म्हणून, स्वतःच्या पगारातून, आणि तेव्हा विजय, तिचा नवरा, म्हणाला होता की एवढ्या खर्चाची गरज काय आहे, मोबाईलवर होते न सारं. मग एक दिवस दुकानाची बिलं बनवायला चेतन अर्धा तास बसला. मग रोज संध्याकाळी. मग टेबल तिच्या खोलीतून मधल्या खोलीत आलं, कारण दुकानाच्या माणसांना तिच्या खोलीत येणं बरं दिसत नाही. ‘ऑफिस’ नावाचा फोल्डर एका कोपऱ्यात पाहुण्यासारखा आला होता, आणि आज तोच घरातला होता आणि ती पर्सनल होती. पर्सनल म्हणजे ज्याच्यावाचून कोणाचं अडत नाही. लग्नानंतर तिचं कपाट असंच मागच्या खोलीत गेलं, पुढच्या खोलीत युरियाची पोती ठेवायची होती म्हणून, फक्त पावसाळ्यापुरतं. त्या पावसाळ्यानंतर झालेली मुलगी आता कॉलेजात आहे. छिंदवाड्याच्या शाळेतली नोकरी अशीच हलली, कारण रोजचं जाणं-येणं सासूबाईंच्या पथ्याला जमत नव्हतं. प्रत्येक वेळी कोणीतरी असंच समजुतीनं म्हणालं होतं, तुझं काय, कुठंही राहीन. आणि ते राहिलंही होतं, हेच वाईट. कपाट मागच्या खोलीत राहिलं, ती पांढुर्ण्याच्या शाळेत राहिली, सगळं सेफ होतं. पहिल्यांदाच काहीतरी हलवताना पडलं होतं, आणि पडायचं तर बाबांनी पडावं.

विजय आंघोळ करून आला. तिनं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं की आवाज चढेल, पण तो उलट बारीक होत गेला, शाळेत मुलींचा होतो तसा.

“मंग तू दुसरीकडं ठेवलं नव्हतं काय?” विजय डोकं पुसत म्हणाला. “एवढं महत्त्वाचं होतं तं ठेवाले पाहिजे होतं न. आता त्याले काय फाशी देऊ?”

“परत आणता येते म्हणतात. शाळेतले सर सांगत होते. फक्त त्याच्यावर दुसरं काही लिहू नाही. कॉम्प्युटर आता बंद ठेवा. कोणीच लावू नका.”

“उद्या रिटर्न भराचा आहे, वृषाली.”

“दोन दिवस.”

“ऑफिसचं काम थांबते काय असं? चेतन, तू बस, आटपून घे. हिचं मंग पाहू.”

चेतन खरंच बसला. पोह्यांचे हात पुसून तो खुर्चीवर बसला आणि त्यानं लाल चौकोनावर बाण नेला.  ती टेबलाखाली वाकली आणि तिनं मागची मोठी वायर ओढली. पडदा काळा झाला. “वहिनी!” चेतन ओरडला, पण तोवर ती एकेक पिन काढत होती, माऊसची, कीबोर्डची, पडद्याची, आणि प्रत्येक पिन निघताना खट्‌ असा लहान आवाज येत होता. तिनं सीपीयूचा डबा बाहेर ओढला, पलंगावरची चादर काढून त्यात बांधला, गाठ दोनदा मारली आणि म्हणाली, “मी सौंसरला जाते.”

“वेडी झाली काय?” विजय दारात म्हणाला, पण बाजूच्या घरची कलाबाई अंगणात शेंगा निवडत बसली होती, म्हणून हळू म्हणाला. ते हळू म्हणणं वृषालीला बसमध्ये बसल्यावरही ऐकू येत राहिलं. माझ्याजवळचा आवाज गेला तर चालते, तुमचा बाहेर जाऊ नाही, ती मनात म्हणाली.

डबा मांडीवर जड होता आणि अजून कोमट होता. खिडकीतून कपाशी, मग बगीचे, मग परत कपाशी. शेजारच्या बाईनं विचारलं, काय नेऊन राहिल्या, मिक्सर काय? वृषाली हो म्हणाली. तिला बाबांचा आवाज आठवायचा होता. एरवी तो सहज यायचा, फायलीचं नाव मनात घेतलं की पुरे. आज नाव यायचं आणि पुढं काही नाही, पाटी दिसावी आणि घर नसावं. “दोन”मधला ओ कुठं चढायचा, मधे की शेवटी? तिनं मनात ताणून पाहिला. तो तिचाच आवाज होता. बसच्या इंजिनात तिनं पुन्हा एकदा ताणला आणि घाबरून सोडून दिला. ऑपरेशनला दोन वर्षं होत आली होती, आणि या काळात तिनं तो ओ शेकडो वेळा ऐकला असेल, शाळेतून आल्यावर, कानात लावून, डोळे मिटून, आणि तरी तिला तो येत नव्हता, कारण आठवून ठेवायचं काम तिनं यंत्राला दिलं होतं.

सौंसरच्या बसस्टँडमागचं कॉम्प्युटरचं दुकान रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं. दुकानदारानं डबा उघडला, वायरी लावल्या, एक प्रोग्राम चालवला, आणि पडद्यावर हिरवी रेघ चढू लागली तशी वृषाली उभीच राहिली, स्टूल असूनही. “डिलीट झाल्यावर काही टाकलं होतं का याच्यात, मॅडम?” त्यानं विचारलं. तिनं नव्या सॉफ्टवेअरचं सांगितलं. तो जिभेनं च्‌ च्‌ करत म्हणाला, “मंग मुश्किल आहे. जागा खाली झाली न, थे त्याच जागेवर बसलं. नावं दिसून राहिली पाहा, पण आत दुसराच माल आहे.”

नावं दिसत होती. अर्धी तुटलेली, पण तिचीच. ‘बाबा हर्रास बोलून दाख’. त्यानं ती लावून पाहिली तर खर्र असा एक तुकडा वाजला आणि थांबला. दुसरी उघडलीच नाही. तिसरीत काही क्षण आई होती, “अवो, दूध उतू”, आणि मग चिरका आवाज. दुकानदारानं आणखी दोन पाहिल्या आणि हात उचलून घेतले. नागपूरला नेऊन पाहा, म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात तिला जोर दिसला नाही. बाबांच्या जागेवर रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर बसलं होतं, हे तिला आता शब्दशः खरं असल्याचं कळलं.  रस्त्यावर येऊन तिनं डबा पुन्हा चादरीत बांधला, आणि माहेरच्या गल्लीत शिरताना ती भांडायला निघालेल्या बाईसारखी चालत होती, जरी भांडायचं माणूस मागे राहिलं होतं.

बाबा बाजेवर बसून संत्रं सोलत होते. गळ्याच्या खळगीतल्या भोकावर पांढरा रुमाल. बाजूला तो भुंगा: डॉक्टरांनी दिलेलं, विजेरीएवढं यंत्र, जे जबड्याखाली दाबून धरलं आणि तोंड हलवलं की घरघरत शब्द निघतात, सगळे एकाच पट्टीत, रागाचे आणि मायेचे सारखेच. भुंगा हे नाव त्यांनीच पाडलं होतं. आई, पंचफुला, आतून पाणी घेऊन आली आणि वृषालीनं तांब्या हातात घेतलाच नाही.

“बाबा, त्यांनी तुमचा आवाज पुसून टाकला.” आणि मग तिनं सगळं सांगितलं, जुने, पर्सनल, स्किप, रिटर्न, पोहे खात होता तो, पोहे, आणि सांगता सांगता ती रडू लागली, चिडून, नाक ओढत.

बाबांचे खांदे हलले. रुमालाखालून हवा सुसू करत बाहेर आली. ते हसत होते.

“हसून काय राहिले तुम्ही?” ती ओरडली. “गेलं सारं! हर्रास गेली, माझं नाव घेतलं होतं ते गेलं. काहीच नाही राहिलं, खोकला राहिला फक्त!”

त्यांनी भुंगा उचलला. “अवं. खोकला. तं.”

“खोकला तं खरा होता, हो, माहीत आहे,” ती म्हणाली.

ते थांबले. पुन्हा यंत्र लावलं. “मी. म्हणून. राहिलो. का.”

“का जाऊ दे म्हणता. नाही जाऊ देणार मी.”

बाबांनी भुंगा बाजेवर आपटला. संत्र्याच्या फोडी खाली सांडल्या. आई म्हणाली, “अवो, ते म्हणतात,” आणि त्यांनी आईकडे असं पाहिलं की तिनं तोंड मिटलं. वृषालीनं आपल्या वडिलांना आयुष्यात दोन-तीनदाच चिडलेलं पाहिलं होतं, आणि तेव्हा त्यांचा आवाज गल्लीभर जायचा. आता त्यांचा चेहरा तसाच लाल झाला होता, गळ्याच्या शिरा तशाच ताणल्या होत्या, आणि खोलीत फक्त रुमालाखालचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी यंत्र पुन्हा उचललं. ते जागेवर बसायला वेळ लागला. कोणीच मदत केली नाही.

“मले. बोलू. दे.”

तिनं नाक पुसलं.

“तू. घरी. जाते. अन्‌. कानात. दांड्या. घालून. बसते. जुना. बाबा. ऐकते.” प्रत्येक शब्दामागं त्यांना श्वास जमवावा लागत होता आणि तो जमेपर्यंतची ती पोकळी वृषालीला सहन होत नव्हती, तिथं दुसरा शब्द ढकलावासा वाटत होता. “इथं. आली. तं. मी. समोर. बसलो. राह्यतो. मी. दोन. शब्द. बोलतो. तिसरा. तू. बोलते. थो. माह्या. नसते.”

“बाबा, मी मदत...”

“नसते. माह्या.” त्यांनी बोट वर केलं. “खोकल्यावर. मी. म्हणून. राहिलो. होतो. का. खोकला. तं. रोजचाच. आहे. नवा. भरून. घे. हसाची. गोष्ट. होती.”

आई पदराआड हसली. वृषालीला हसू आलं नाही. तिला बाबांचा राग आला, खरा, तापलेला; तुमच्यासाठी मी डबा मांडीवर घेऊन आले, तुमच्यासाठी घरात वायरी ओढल्या, आणि तुम्ही मलाच. मग तो राग हळूहळू तिच्या हातातून सुटला, कारण तिसरा शब्द खरंच त्यांचा नव्हता. आठवून पाहिलं तर गेल्या दिवाळीतलं एकही पूर्ण वाक्य तिला त्यांचं म्हणून आठवेना. डॉक्टर, पाहुणे, दुकानदार, सगळ्यांशी बाबांच्या वतीनं तीच बोलत होती, भरभर, नीट, आणि बाबा अर्धा उघडलेला ओठ मिटून घेत होते. त्यांची पट्टी सपाट होती, घरघर कानाला लागायची, आणि तिला तो आवाज आवडत नव्हता. एवढंच होतं ते. त्या आवाजाला ती आवाज धरतच नव्हती. पडलेल्या फोडी तिनं गोळा केल्या, माती लागलेल्या बाजूला काढल्या, आणि बाबांच्या समोर खाली बसली.

“सांगा,” ती म्हणाली.

ते सांगू लागले. बाजारात आता हर्रास माईकवर होते, आणि बोलणारा नवा माणूस घाईचा आहे, शेतकऱ्याला विचार करायला वेळच देत नाही. परवा बाबा तिथं गेले होते, एकटे, आणि भुंगा लावून त्यांनी त्याला सुनावलं. लोक हसले की गप्प बसले, असं तिला विचारावंसं वाटलं; तिनं विचारलं नाही, कारण वाक्य चालू होतं. ते संपायला फार वेळ लागला. लोक गप्प बसले होते.

तेवढ्यात विजयचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकून बाजेवर ठेवला.

“सीपीयू कुठं आहे? कोणाले विचारून नेला? चेतन इथं डोक्याले हात लावून बसला. तू आत्ताच्या बसनं निघ, उद्या सकाळी मले थो टेबलावर पाहिजे. कॉम्प्युटर काय तुह्या खेळाचा आहे?”

वृषालीनं तोंड उघडलं. सकाळपासून जमवलेलं सगळं जिभेवर होतं, आणि आता आवाज बारीक होणार नाही हेही तिला माहीत होतं. पण बाबांचा हात पुढं आला. त्यांनी फोन उचलून तोंडासमोर धरला, दुसऱ्या हातानं भुंगा दाबला.

“विजयराव. मी. बोलून. राहिलो.”

“हॅलो? हॅलो? वृषाली, खरखर येऊन राहिली नुसती.”

“यशवंतराव.”

“कोण, मामाजी काय? मामाजी, काही समजून नाही राहिलं हो. वृषालीले द्या न फोन.”

बाबांचा फोनवाला हात आपसूक तिच्याकडं वळला. रागानं नाही, सवयीनं. दोन वर्षांत तो असाच वळायला शिकला होता. वृषालीनं आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि जागेवरूनच म्हणाली, “बाबा बोलून राहिले. ऐका.”

“अगं पण समजत...”

“नाही समजलं तं पुन्हा विचारा त्यांना.”

पलीकडून चेतन काहीतरी कुजबुजला. बाबांनी रुमाल सारखा केला, यंत्र जबड्याखाली थोडं मागं सरकवलं, श्वास घेतला.

“कॉम्प्युटर. तिचा. आहे.”

“काय? कॉम्प्युटर काय?”

ते वाक्य वृषालीच्या ओठांशी तयार होतं, आणि विजयला एका दमात कळेल असं तिला ते म्हणता आलं असतं. तिनं दात आवळून धरले. आई तांब्या हातात घेऊन दारातच थांबली होती. बाबांनी घाई केली नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, प्रत्येक शब्द सुटा, सपाट, आणि मधल्या शब्दावर भुंगा जरा जास्त वेळ दाबून धरला.

पलीकडं विजयनं खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला.

“कॉम्प्युटर,” विजय अडखळत म्हणाला, “तिचा... तिचा आहे, असं म्हणता काय, मामाजी?”

“हो,” बाबा म्हणाले.